जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात

बोरी अरबच्या रस्त्यावर रहेमानभाईंचं गॅरेज आहे. तिथं गाडी दुरुस्त करून घेणाऱ्याच्या पदरात दोन गोष्टी पडतात. एक, दुरुस्त झालेली गाडी. दुसरी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना पार्ट. "राहू द्या भाई, मी काय करू याचं?" असं तुम्ही कितीही म्हणा, ते ऐकत नाहीत. कागद उघडतात, पार्ट उलटासुलटा करून दाखवतात, कुठं घासला, कुठं चीर गेली त्या जागी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ठेवतात आणि मगच तो तुमच्या हातात देतात. माझ्या घरी माझ्या स्कूटरचे एवढे जुने पार्ट साठले आहेत की सुहासिनी, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "आणखी चार आणा, दुसरी स्कूटर उभी होईल."

ही प्रामाणिकपणाची रीत आहे, असं सगळं गाव म्हणतं. मी या माणसाला तीस वर्षं ओळखतो. मला विचाराल तर ही संशयाची रीत आहे. रहेमानभाईंचा जगावर काडीचा विश्वास नाही, म्हणून जगाचाही आपल्यावर नसणार हे ते धरूनच चालतात. नव्या बेअरिंगचं खोकं गिऱ्हाइकासमोर फोडतात, कारण खोक्यात डुप्लिकेट माल निघतो. दुरुस्तीला आलेल्या इंजिनवर कोपऱ्यात लोखंडी पंच ठोकून एक बारीक ठिपका मारून ठेवतात, म्हणजे पुढं दुसऱ्या कोणी त्यातलं काही बदललं तर कळावं. चहा आला की आधी गिलास उजेडाकडे धरून पाहतात. त्यात काय पाहतात ते मला अजून कळलेलं नाही.

मशीनवर मात्र ते संशय घेत नाहीत. मशीन खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोटारसायकल असो की सोयाबीनचं थ्रेशर, पहिला प्रश्न ठरलेला: "आवाज कुठून येते?" मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. दहा-दहा मिनिटं. तेवढा वेळ त्यांनी कुठल्या माणसाचं ऐकून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी अनंत. तालुक्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढले आणि निवृत्त झालो. मी डॉक्टर नाही, फोटो काढणारा. पण गावात हा फरक कोणी मानत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तो मानू देत नव्हतो. "अनंतभाऊ, जरा पाहा न" म्हणून कोणी फिल्म पुढं केली की मी ती खिडकीला धरायचो आणि ऐटीत काहीतरी बोलायचो. त्या बोलण्यानं एका बाईचं किती नुकसान झालं, तेच सांगायला बसलो आहे.

ती बाई म्हणजे रहेमानभाईंची बायको, सुग्राबीभाभी. गॅरेजच्या मागंच त्यांचं घर. भाभी शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश, गल्लीतल्या बायांचे ब्लाउज, लग्नसराईत झालरी. पायानं चालवायची जुनी मशीन, आणि सगळा भार उजव्या पायावर. दहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला. सकाळी गादीवरून उठताना पाय सरळच व्हायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं भिंतीला धरून चाललं की मोकळा व्हायचा. जिना चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखायचा.

एक दिवस रहेमानभाई माझ्याकडे आले ते थेट तक्रार घेऊनच.

"अनंतभाऊ, सकाळी ही हाय हाय करते. काल दुपारी मी मागच्या टिनाआडून पाह्यलं. बाजारातून थैली घेऊन येऊन राह्यली होती, एकदम सरळ! एक डाव बी लंगडली नाई. आता सांगा, दुखणं काय घड्याळ पाहून येते?"

"टिनाआडून काहून पाह्यलं?"

"समोरून पाह्यलं असतं तं लंगडली असती न!"

मी खो खो हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. जी बेअरिंग थंडीत पहिल्या किकला कुरकुरते आणि गरम झाल्यावर गप्प बसते तिचे दिवस भरत आले, हे मला याच माणसानं शिकवलं होतं. माझ्या स्कूटरच्या बाबतीत. ते ज्ञान त्यांनी घरात नेलं नाही, आणि मीही त्यांना आठवण करून दिली नाही.

त्यांनी सोबत गुडघ्याची फिल्म आणली होती. मी ती खिडकीला धरली. मांडीचं हाड वर, नडगीचं खाली, आणि दोघांच्या मध्ये काळी फट. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते, ती फोटोत दिसत नाही. फटीवरूनच तिचा अंदाज घ्यायचा. फट कमी, तर गादी झिजली. भाभींची फट चांगली होती. फक्त नडगीच्या वरच्या काठाला, आतल्या बाजूनं, एक पांढरी रेघ जरा जाड वाटत होती. मला ती दिसली होती, हे मी लपवत नाही. पण पांढरं म्हणजे भरीव आणि भरीव म्हणजे मजबूत, एवढीच माझी अक्कल.

"गॅप झकास आहे," मी म्हणालो. "आणि हाड पाहा कसं पांढरं फेक आहे! लोखंड आहे लोखंड."

रहेमानभाईंचा चेहरा उजळला. ते तडक घरी गेले. त्यांची मुलगी जेबा तेव्हा कॉलेजात होती, तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं की भाभी रोट्या करत होत्या, आणि अब्बूंनी दारातूनच सांगितलं, "अनंतभाऊनं पाह्यलं. लोखंड आहे म्हणे. नाटकं बंद कर." भाभींनी तव्यावरची रोटी उलटली. त्या दिवसापासून त्यांनी गुडघ्याचं नाव नवऱ्यासमोर काढलं नाही.

कुणाला वाटेल, आता तरी हा माणूस शांत झाला असेल. छे! आता त्यांना भाभींच्या गप्प बसण्याचा संशय आला. "आधी रोज बोलायची, आता बोलत काहून नाई? काही तरी आहे." मग एक दिवस शिलाई मशीनच्या खणात त्यांना मलमाची अर्धी ट्यूब सापडली. आणून कोणी दिली? कधी? लपवून काहून ठेवली? बायकोला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. मेडिकलवाल्याकडे जाऊन चौकशी केली. ट्यूब जेबानं नेली होती असं कळलं, तेव्हा मायलेकी मिळून काहीतरी करत आहेत, हा नवा संशय घेऊन परत आले.

अशी आठ वर्षं गेली. भाभी मशीनला तिरक्या बसून डाव्या पायानं पायटा मारायला लागल्या. मग जेबा शाळेत शिक्षिका झाली आणि तिनं मशीनला मोटर बसवून दिली. जमिनीवर नमाज पढणं सुटलं, खुर्ची आली. सजदा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकणं, करता येत नाही याचं भाभींना फार वाईट वाटायचं, हे सुहासिनीनं मला सांगितलं. त्या एकदा तिच्याजवळ रडल्या होत्या. रहेमानभाई मला म्हणाले, "नवी खुर्ची आहे न, शौक आहे." पण उजवा पाय बाहेरून धनुकलीसारखा वाकत चालला होता. तो टिनाआडूनही दिसला असता. त्यांनी टिनाआडून पाहणं केव्हाच सोडलं होतं, कारण त्यांच्या लेखी चौकशी संपली होती.

मागच्या वर्षी जेबा आईला घेऊन परस्पर यवतमाळला गेली. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलावा लागेल.

दुसऱ्या दिवशी रहेमानभाई माझ्या ओट्यावर हजर. हातात दोन लिफाफे. एकात नवी फिल्म, दुसऱ्यात जुनी. जुनी त्यांनी जपून ठेवली होती. हा माणूस काहीच फेकत नाही.

"हा फोटो हिचा नाई," त्यांनी नवी फिल्म माझ्या पुढ्यात आपटली. "बदलला. दुसऱ्या कोण्या बुढीचा आहे. वरून नाव लावलं."

मी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवल्या. काहींच्या गुडघ्यामागं वाटाण्याएवढं एक जादा हाड असतं, सगळ्यांना नसतं. दोन्ही फिल्मवर बाजूनं काढलेला फोटोही होता, त्यात ते होतं, त्याच जागी, त्याच आकाराचं.

"हा घ्या तुमचा पंचाचा ठिपका," मी म्हणालो. "भाभींचाच आहे."

ते वाकून पाहत राहिले. मीही पाहत होतो, पण दुसरंच. नव्या फोटोत आतल्या बाजूची फट संपली होती, हाडाला हाड टेकलं होतं. काठांवर हाडाच्या चोची फुटल्या होत्या. नडगीच्या वरच्या टोकाला पांढरा पट्टा होता, चांगला नखाएवढा रुंद, आणि त्या पट्ट्यात दोन-तीन काळी भोकं. मग मी डावीकडे जुन्या फोटोकडे पाहिलं. नेमक्या त्याच जागी ती जाडसर रेघ होती. फट झकास होती तेव्हाही ती रेघ तिथं होती.



"अनंतभाऊ," रहेमानभाई हळूच म्हणाले, "हे हाड तं पह्यलेपेक्षा जास्त पांढरं झालं. म्हणजे जास्त मजबूत न? तुम्हीच सांगतलं होतं. मंग बदलाचं कायले? डॉक्टर फसवून राह्यला, असंच न?"

माझेच शब्द माझ्या दारात येऊन उभे होते. त्या वेळी सरळ सांगायला हवं होतं की भाई, मला कळत नव्हतं, मी उगीच बोललो. माझी जीभ रेटली नाही. "डॉक्टरलेच विचारू," एवढंच मी म्हणालो.

यवतमाळचे ते डॉक्टर पूनमसिंग मूळचे दारव्ह्याकडच्या एका तांड्यातले, बोलायला आपल्यातलेच. रहेमानभाईंनी खुर्ची पुढं ओढली, दोन्ही फिल्म टेबलावर ठेवल्या आणि उलटतपासणी सुरू केली. भाभी बाजूला बसल्या होत्या. जेबा त्यांच्या मागं उभी.

"हाड घट्ट झालं तं बिघडलं कसं, हे सांगा मले."

"काका, गादीखालचं हाड जरासं दबलं पायजे," डॉक्टर म्हणाले. "पाय टेकला की झटका बसते, तो त्यानं खाल्ला पायजे. त्याच्यात बारीक बारीक चिरा पडत जातात, अन् शरीर तिथं घाईघाईनं भराव टाकत जाते. भराव वाढला की फोटोत पांढरं दिसते. पण माल कच्चा राह्यते, अन् कडकपणामुळे सगळा झटका वरच्या गादीवर. मंग गादी झिजते, अन् हाड अजूनच कडक होते. हे जे काळे गोल दिसून राह्यले न, हे पोकळ झालेले खड्डे आहेत."

"पण तवा तं गादी चांगली होती." रहेमानभाईंनी जुनी फिल्म पुढं सरकवली. डॉक्टरांनी ती उजेडाला धरली आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"गादी चांगली दिसत होती. खाली काम तवाच सुरू झालं होतं. फोटो काढला तवा कोणी सांगतलं नाई का?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"अन् अजून एक," डॉक्टर म्हणाले. "गादीमध्ये दुखाची नसच नसते. खालच्या हाडात असते. म्हणून कित्येकदा गॅप चांगली असते अन् माणूस दुखून दुखून बेजार होते. लोकायले वाटते ढोंग करून राह्यला."

भाभींनी ओढणीचा पदर हातात गोळा केला. रहेमानभाई टेबलाकडे पाहत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बैठक. लोक थ्रेशरची बेअरिंग तीन तीन डाव बदलतात. खाली जिथं बेअरिंग बसते ती बैठकच खराब झाली असते. ती कोणी पाहत नाई." मला वाटलं, पटलं यांना. पण लगेच मान वर झाली. "पण हे तुमचं सांगणं झालं. मी डोयानं पाह्यलं नाई. आपरेशन करा. जुना पार्ट मले दाखवा लागन."

डॉक्टर हसले. त्यांना ती गंमत वाटली.

"दाखवा त्याहिले, डॉक्टरसाहेब," भाभी म्हणाल्या. आठ वर्षांत नवऱ्यासमोर गुडघ्याबद्दल त्या पहिल्यांदा बोलत होत्या, आणि आवाज चढलेला नव्हता. "नक्की दाखवा. त्याच्यासाठीच तं मी हो म्हणून राह्यली."

ऑपरेशनच्या दिवशी मीही गेलो. रहेमानभाईंची पाळत सकाळपासून सुरू होती. भाभींच्या हातावरच्या पट्टीवरचं नाव त्यांनी दोनदा वाचून घेतलं. डॉक्टरांनी येऊन उजव्या गुडघ्यावर पेननं मोठी खूण केली, तेव्हा ते प्रथमच खूश झाले. "हा माणूस कामाचा आहे. ठिपका मारते." नव्या गुडघ्याचा डबा आपल्यासमोर फोडत नाहीत म्हणून मग पुन्हा कुरबुर. सिस्टरनं सीलबंद डबा बाहेर आणून दाखवला, तेव्हा त्यावरची तारीख त्यांनी बोट फिरवून वाचली. भाभींना आत नेताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा डब्याकडे पाहत होता.

दोन तासांनी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूच्या खोलीत बोलावलं. रहेमानभाईंना हातमोजे घालायला दिले. स्टीलच्या ट्रेमध्ये, हिरव्या कापडावर, हाडाचे चार-पाच कापलेले तुकडे होते.

मी हजारो गुडघ्यांचे फोटो काढले. गुडघ्याचं हाड डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी. बाहेरच्या बाजूच्या तुकड्यावर अजून गादी होती, मळकट, पिवळसर, पण होती. आतल्या बाजूला काहीच नव्हतं. उघडं हाड, आणि ते चकाकत होतं. घासून घासून आरशासारखं गुळगुळीत झालेलं, त्यावर चालण्याच्या दिशेनं ओढलेल्या बारीक खाचा. काठाला खडबडीत चोची. रहेमानभाईंनी तुकडा उलटा केला. कापलेल्या बाजूला पांढरा दगडासारखा थर, आणि त्यात ज्वारीचे दाणे मावतील अशी भोकं.

त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला. चहाचा गिलास धरतात तसाच. खाचांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. या माणसाला घासलेल्या पार्टबद्दल कोणी काही सांगायची गरज नसते. किती दिवस चालला, तेल केव्हा संपलं, केव्हा थांबवायला हवं होतं, हे त्यांना पाहिल्याबरोबर कळतं.

"अनंतभाऊ," ते म्हणाले. "ही एका दिवसाची घासाई नाई."

"नाही."

"वर्षानुवर्षाची आहे. हाडावर हाड चालून राह्यलं होतं. अन् ही गणवेश शिवून राह्यली होती."

तेव्हा मी सांगितलं. ती रेघ मला पहिल्या फोटोत दिसली होती, मला तिचा अर्थ माहीत नव्हता आणि माहीत असल्यासारखा मी बोललो, हे सगळं. मला वाटलं होतं ते भडकतील. त्यांनी नुसती मान हलवली. "तुम्ही तं फोटो पाह्यला होता," ते म्हणाले. "मी घरात होतो."

मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, हे मले देता का. डॉक्टर म्हणाले, "काका, पाह्यलं न आता? पटलं न?"

"पटाले नाई मांगत. दफन करतो. माणसाचं आहे."

डॉक्टरांनी कागदपत्रं करून, दुसऱ्या दिवशी ते तुकडे बंद पिशवीत त्यांच्या हवाली केले. आजवर शेकडो जुने पार्ट वर्तमानपत्रात बांधणाऱ्या त्या माणसानं नवं पांढरं कापड आणलं होतं. दुपारच्या नमाजनंतर कब्रस्तानात, आपल्या आईच्या कबरीजवळ, त्यांनी स्वतः हातभर खड्डा खणला. मी बाजूला उभा होतो. माती लोटून झाल्यावर ते उठले नाहीत. तिथंच बसून रडले, मोठ्यानं. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, कुठं पाहावं ते मला कळेना.

तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा भाभी वॉकर धरून चार पावलं चालून पलंगावर येऊन बसल्या होत्या. जेबानं पाठीला उशी लावली. रहेमानभाई पायथ्याशी उभे राहिले.

"पाह्यलं?" भाभींनी विचारलं.

"पाह्यलं."

"खरं होतं?"

त्यांनी मान खाली घातली. भाभींनी चादर सारून दुसरा पाय जरा पुढं घेतला.

"डावा बी दुखते," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाले. आता याचा बी पार्ट हातात येईस्तोवर थांबसान, का तसंच मानसान?"

जेबानं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. रहेमानभाईंनी स्टूल ओढलं आणि पलंगाजवळ बसले. काळं तेल मुरलेला आपला हात त्यांनी भाभींच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला, अगदी अलगद, आणि डोळे मिटले.

"कुठी दुखते," ते म्हणाले, "सांग."

भाभी सांगायला लागल्या.